वाचकांचे प्रश्न : याना नोव्होत्नाला ‘दडपणाखाली कोसळणारी’ म्हणावे काय?

प्रश्न : गेल्या अंकातील विम्बल्डनविषयीच्या लेखात चेक टेनिसपटू याना नोव्होत्नाचा उल्लेख एकाच वाक्यात आला होता, आणि त्या वाक्यात ‘हातातला सामना घालवून डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर रडलेली खेळाडू’ एवढेच तिचे वर्णन होते. १९९३चा तो अंतिम सामना मी दूरचित्रवाणीवर पाहिला होता. माझी मुलगी आता टेनिस खेळते. तिला नोव्होत्नाविषयी सांगायला बसलो, तेव्हा त्या रडण्यापलीकडे मलाही काही सांगता आले नाही, याचे वाईट वाटले. दडपणाखाली कोसळणारी खेळाडू हा तिच्यावरचा शिक्का न्याय्य आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तो शिक्का तिच्यावर अन्याय करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याला काहीच आधार नव्हता, असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही.

आधी त्या सामन्याकडेच वळू. नोव्होत्नाने उपांत्यपूर्व फेरीत गॅब्रिएला साबातिनीला आणि उपांत्य फेरीत नऊ वेळच्या विजेत्या मार्टिना नवरातिलोवाला हरवून अंतिम फेरी गाठली होती. पहिला सेट प्रतिस्पर्धी स्टेफी ग्राफने टायब्रेकरवर (६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर) जिंकला, दुसरा नोव्होत्नाने ६-१ असा एकतर्फी घेतला आणि तिसऱ्यात ती ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिस तिचीच होती आणि गुणफलक ४०-३० दाखवत होता. एक गुण मिळाला असता, तर ५-१ झाले असते. त्या गुणावर तिच्याकडून डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गेला, मग तो गेम गेला, पुढच्या सर्व्हिसच्या वेळीही डबल फॉल्ट झाले आणि ग्राफने सलग पाच गेम जिंकून सेट ६-४ असा खिशात घातला. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातील डचेस ऑफ केंट यांनी तिला धीर दिला, एक दिवस तू ही स्पर्धा जिंकशील असे सांगितले, आणि तिथे तिचा बांध फुटला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत विजेतीपेक्षा ते छायाचित्रच मोठे होऊन गेले, आणि पुढे कितीतरी वर्षे नोव्होत्ना म्हटले की तेच डोळ्यांसमोर येत राहिले.

आपली मुलगी खेळते, म्हणून डबल फॉल्टविषयी थोडे सविस्तर लिहितो. पहिली सर्व्हिस चुकली, तरी दुसरी संधी असते. दुसरी सर्व्हिस मात्र आत पडलीच पाहिजे, म्हणून खेळाडू तिला भरपूर फिरकी देतो. ही फिरकी रॅकेट चेंडूवरून वेगाने वर घासत नेल्याने मिळते, आणि त्या फिरकीमुळेच चेंडू जाळ्यावरून उंच जाऊनही आतल्या रेषेच्या अलीकडे खाली उतरतो. मनावर ताण आला की खांदा आखडतो, चेंडू वर फेकण्याची उंची बदलते आणि हात नकळत मंदावतो. हात मंदावला की फिरकी कमी होते, आणि ज्या सावधपणापायी हात आवरलेला असतो, तोच चेंडूला जाळ्यात तरी घालतो, नाही तर बाहेर तरी नेतो. मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या खेळाडूला अशा वेळी एक सोय असते. चेंडू नुसता आत ढकलला, तरी पुढच्या फटक्यांवर गुण मिळवता येतो. नोव्होत्नाला ती सोय नव्हती. ती सर्व्हिस करून थेट जाळ्याकडे धावणारी खेळाडू होती, आणि अशा खेळाडूची दुसरी सर्व्हिस खोल पडली नाही, तर समोरची खेळाडू चेंडू बाजूने काढून देते. समोर तर ग्राफचा फोरहँड होता. म्हणजे ज्या धाडसी खेळाने तिने नवरातिलोवाला हरवले आणि ग्राफविरुद्ध दुसरा सेट ६-१ जिंकला, त्याच खेळात त्या डबल फॉल्टचा धोकाही दडलेला होता. तिचा धीर खचला हे मी नाकारत नाही. पण ती जपून खेळू लागली म्हणून हरली, हे म्हणणे मला पटत नाही.

ग्राफचा वाटाही विसरून चालणार नाही. त्याआधी चार वेळा विम्बल्डन जिंकलेली आणि पिछाडीवर असताना एकही गुण फुकट न सोडणारी ती खेळाडू होती. आपल्याकडे हरणाऱ्याची चूक मोजताना जिंकणाऱ्याचे कर्तृत्व बाजूला राहते.

शिक्क्याला आधार होता असे मी म्हटले, ते मुख्यतः १९९५च्या फ्रेंच स्पर्धेमुळे. तिसऱ्या फेरीत शांडा रुबिनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये नोव्होत्ना ५-० आणि ४०-० अशी पुढे होती. त्या सामन्यात तिने एकूण नऊ मॅच पॉइंट (एका गुणात सामना जिंकण्याच्या संधी) गमावले आणि सेट ६-८ असा हरली. विम्बल्डनची आठवण ताजी असताना हे घडल्यामुळे लोकांनी दोन सामन्यांची एक गोष्ट करून टाकली, आणि ती गोष्ट तिच्या नावाला चिकटली.

आता त्यानंतरची वर्षे पाहा. १९९७ साली ती पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली. मार्टिना हिंगिसविरुद्ध पहिला सेट ६-२ असा जिंकूनही पुढचे दोन ६-३, ६-३ असे हरली. बक्षीस समारंभात पुन्हा उपविजेतेपदाची थाळीच वाट्याला आली. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने वर्षअखेरची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. त्या काळी या स्पर्धेचा महिलांचा अंतिम सामनाही जास्तीत जास्त पाच सेटचा असे, आणि तिथे तिने मेरी पिअर्सला सरळ तीन सेटमध्ये हरवले. ज्या खेळाडूचा धीर शेवटच्या टप्प्यावर हमखास खचतो, तिला असा विजय मिळवता येईल का, याचा विचार आपणच करावा.

आणि मग १९९८. उपांत्यपूर्व फेरीत व्हीनस विल्यम्स, उपांत्य फेरीत गतविजेती आणि जगातील अव्वल खेळाडू हिंगिस, आणि अंतिम फेरीत फ्रान्सची नताली तोझिया. तिघींनाही तिने एकही सेट न गमावता हरवले. अंतिम सामना ६-४, ७-६ असा संपला आणि शेवटचा टायब्रेकर तिने ७-२ असा जिंकला. टायब्रेकरमध्ये प्रत्येक गुण थेट सेटचा निकाल ठरवत असतो. पाच वर्षांपूर्वी ज्या कोर्टावर दुसरी सर्व्हिस हाताबाहेर गेली होती, त्याच कोर्टावर तिने हा टायब्रेकर असा खेळला, याचे मला आजही अप्रूप वाटते. तेव्हा ती २९ वर्षांची होती. एकेरीतील पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद इतक्या वयात मिळवणारी महिला खुल्या टेनिसच्या काळात (१९६८पासून, म्हणजे व्यावसायिकांनाही मुभा मिळाल्यापासून) तोवर कोणी नव्हती. चषक पुन्हा डचेस ऑफ केंट यांनीच दिला. लोक तिच्याविषयी बोलताना १९९३वर थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

या वाटचालीत तिची प्रशिक्षक हाना मांडलिकोव्हा हिचे नाव घ्यायला हवे. १९९० साली तिने नोव्होत्नाला हाताशी धरले, तेव्हा ब्रनोची ही मुलगी मुख्यतः दुहेरीची खेळाडू म्हणून ओळखली जात असे. पुढच्याच वर्षी, १९९१ साली, ती ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत मोनिका सेलेससमोर उभी होती, आणि पहिला सेट तिने जिंकलाही होता. स्वतः मांडलिकोव्हाने एकेरीची चार ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली होती, मात्र विम्बल्डनची अंतिम फेरी दोनदा गाठूनही, १९८१ आणि १९८६ साली, तिच्या हाती ती स्पर्धा लागली नव्हती. आपल्या शिष्येला त्या हिरवळीवर काय सोसावे लागते, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

प्रश्न : नोव्होत्नाची बहुतेक मोठी विजेतेपदे दुहेरीतील आहेत. एकेरीच्या तुलनेत त्यांना फारसे वजन देऊ नये, असे आमच्या क्लबमधील ज्येष्ठ मंडळी म्हणतात. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एकेरीला अधिक मान आहे हे खरे, पण म्हणून दुहेरी हलकी ठरत नाही. नोव्होत्नाने महिला दुहेरीत १२ आणि जिम प्यूबरोबर मिश्र दुहेरीत चार ग्रँड स्लॅम विजेतेपदे जिंकली. १९९० साली हेलेना सुकोव्हासोबत तिने ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन या तिन्ही स्पर्धा ओळीने जिंकल्या, आणि अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंतही ही जोडी पोहोचली. १९९८ साली हिंगिससोबत पुन्हा एका वर्षात तीन. गिगी फर्नांडिस, अरांचा सांचेझ व्हिकारिओ, लिंडसे डॅव्हेनपोर्ट, अशा एकमेकींपासून अगदी वेगळा खेळ असलेल्या साथीदारांबरोबर ती जिंकत गेली. प्रत्येक वेळी कोर्टाचा कोणता भाग आपला आणि कोणता साथीदाराचा, हे नव्याने ठरवावे लागत असे. ऑलिंपिकमध्ये १९८८ आणि १९९६ साली सुकोव्हासोबत दुहेरीची दोन रौप्यपदके आणि १९९६ सालीच एकेरीचे कांस्यपदक तिने मिळवले.

शिवाय तिची एकेरी तिच्या दुहेरीतूनच घडली. जाळ्याजवळचे जलद हात, खाली पायाशी आलेला चेंडू उचलून खोल टाकण्याची कला, बॅकहँडने चेंडू कापून त्याच्या मागोमाग पुढे येण्याची सवय, हे सारे दुहेरीत रोज घोटले जाते. कारकिर्दीत एकेरीची २४ आणि दुहेरीची ७६ विजेतेपदे, दुहेरीत जगात पहिला आणि एकेरीत दुसरा क्रमांक, अशी ज्या खेळाडूची नोंद आहे, तिची दुहेरी एकेरीपासून वेगळी काढून तोलणे मला योग्य वाटत नाही. १९९८च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या उपांत्य फेरीत तिने हिंगिसला हरवले आणि त्याच स्पर्धेत तिच्याच साथीने दुहेरीही जिंकली. आपल्या क्लबमधील ज्येष्ठांना एवढे अवश्य सांगावे.

प्रश्न : निवृत्तीनंतर तिने काय केले? आणि तिचा एकच सामना पाहायचा झाल्यास कोणता पाहावा? (एक महाविद्यालयीन वाचक, मडगाव)

उत्तर : ती १९९९ साली निवृत्त झाली. त्यानंतर तिने बीबीसीसाठी विम्बल्डनचे समालोचन केले आणि २००५ साली आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले. तेव्हा ती अवघी ४९ वर्षांची होती. त्या बातमीसोबतही अनेक ठिकाणी १९९३चेच छायाचित्र छापले गेले, याचे मला मनापासून दुःख झाले.

सामना निवडायचा, तर मी अंतिम सामन्याऐवजी १९९८ची हिंगिसविरुद्धची उपांत्य लढत निवडेन. सतरा वर्षांची हिंगिस समोरचीचा पुढचा फटका आधीच ओळखून तिला कोर्टभर फिरवत असे, आणि त्यासाठी तिला लागत असे तो वेळ. नोव्होत्नाने तो वेळच दिला नाही आणि सामना ६-४, ६-४ असा जिंकला. पाहताना चेंडूपेक्षा नोव्होत्नाच्या पायांकडे लक्ष ठेवा. पहिली सर्व्हिस चुकल्यानंतर, दुसरी सर्व्हिस रॅकेटवरून सुटताच ती कोणत्या दिशेला निघते, ते पाहा.