घाट चढताना बाबा, परतताना तुम्ही

प्रश्न : ताई, बाबांकडे 1984 ची क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी आहे. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी नाशिकच्या एका वाइनरीत सहल आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बाबा 72 वर्षांचे आहेत आणि गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. ‘चमचाभर चाखल्यानं काय होतंय’ असं ते म्हणतात. मी रोज गाडी चालवते, पण पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर मला जमत नाही. गाडी कसारा घाट चढेल का? समृद्धीनं जावं का? आणि बाबांना कसं सांगू? माझा 19 वर्षांचा मुलगाही येणार आहे. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी गाडीचं सांगते, कारण त्याबद्दल काळजीचं काही नाही. इंजिन धडधाकट असेल तर पद्मिनी कसारा चढते. माझी 1978 ची आहे, तिनं तो घाट किती वेळा चढला याची मोजदाद मी ठेवलेली नाही. फक्त निघायची वेळ सांभाळा. साडेपाचला मुलुंड सोडलंत तर शहापूर मागे पडेपर्यंत ऊन चढत नाही. नऊनंतर घाटात शिरलात आणि पुढे कंटेनरची रांग लागली, की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागतं, बॉनेटखालची हवा तापते आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. घाबरू नका, बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारत बसू नका. बॉनेट उघडा, पंचा पाण्यात पिळून त्या पंपाभोवती गुंडाळा आणि पंधरा मिनिटं थांबा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. सोबत फॅनबेल्ट, होजपाइप, पॉइंट-कंडेन्सर आणि पाच लिटर पाणी ठेवा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं आणि त्या काळचं रबर त्याला टिकत नाही, त्यामुळे पेट्रोलचे पाइप किती जुने आहेत ते मेकॅनिकला आधीच बघायला सांगा. फेरनोंदणी, विमा, पीयूसी हे बघितलं असेलच.

आता मुख्य गोष्ट. ‘चमचाभर’ हा शब्द मला मान्य नाही. चाखायला देतात तो एकेक घोट साधारण 30 मिलिलिटरचा असतो. पाच वाइन चाखल्या की 150 मिलिलिटर झाली, म्हणजे भरलेला एक ग्लास. त्यात 12-13 टक्के अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाला कायद्याच्या मर्यादेपाशी नेऊन ठेवायला एवढं पुरतं. मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढीच वाइन बाबांच्या रक्तात तरुणापेक्षा जास्त दिसेल. रक्तातलं हे प्रमाण उतरतं तासाला साधारण 15 मिलिग्रॅमनं. कॉफी पिऊन किंवा तोंडावर पाणी मारून हा वेग वाढत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडासाठी मी हे सांगत नाही. आमच्या गटाच्या एका सहलीत एका सभासदानं दुपारी असेच पाच घोट घेतले होते. चांगला हात होता त्यांचा. परतताना घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनानं वेग रोखण्याऐवजी ते ब्रेकवर पाय ठेवून येत राहिले. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, ते तापले की पकड सोडतात. मी त्यांच्या मागेच होते. ब्रेकचं लायनिंग जळल्याचा वास माझ्या गाडीत आला. मी हॉर्न देत राहिले, आणि एका वळणावर त्यांची गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली. पत्नीचं मनगट मोडलं. शुद्धीत नव्हते असं अजिबात नाही, नेहमीसारखे बोलत होते. दुसरा गिअर टाकायचं त्या क्षणी सुचलं नाही, इतकंच. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे : परतीचा चालक निघण्याच्या आदल्या दिवशी ठरतो आणि तो ग्लासाला हात लावत नाही.

तुमच्या घरात तो चालक तुम्ही व्हा. बाबांना ‘तुम्ही चालवू नका’ असं सांगायला जाऊ नका, ‘मला तुमचा गिअर शिकवा’ असं सांगा. अजून दोन-तीन रविवार हातात आहेत. ज्याचा गाडीवर इतका जीव आहे त्याला आपल्या मुलीला ती शिकवताना आनंदच होईल. घाट चढताना त्यांनाच चालवू द्या, तो त्यांचा हक्क आहे.

परतताना मात्र घाट उतरू नका. इगतपुरीपर्यंत या आणि तिथून समृद्धीला लागा. तो टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट कसाऱ्याच्या खाली उतरतो आणि पुढे भिवंडीजवळ आमण्याला बाहेर काढतो. नव्या हाताला ड्रम ब्रेकची गाडी घाटात उतरवण्यापेक्षा हे फार सोपं. डावी मार्गिका धरा, टायर आणि दिवे आधी तपासा. तेवढ्या दिवसांत गिअर हातात बसला नाहीच, तर बाबांनी चाखायचं नाही. आवडेल ती बाटली घरी आणायची आणि सोमवारी जेवताना उघडायची. मुलाला मात्र द्राक्षाचा रसच. वाइनसाठी महाराष्ट्रात वयाची अट 21 आहे.

चाखायचं नाही म्हणून चालकाचा दिवस वाया जातो असं समजू नका. फेब्रुवारी म्हणजे तोडणीचे दिवस. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा संपता संपता दुसरी छाटणी आणि मग या दोन-तीन महिन्यांत सगळ्या वर्षाचं फळ. आपण खातो त्या सोनाका किंवा तास-ए-गणेशसारखी ही द्राक्षं लांबट आणि बिनबियांची नसतात. शिराझ या वाइनच्या जातीचा मणी बोराच्या बीएवढा, साल जाड, आत बिया. परवानगी घेऊन एक मणी तोडा, साल आणि गर वेगवेगळे करून बघा. गर जवळपास रंगहीन असतो, साल चावली की जीभ जांभळी होते. रेड वाइनचा रंग त्या सालीतून येतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात; व्हाइटसाठी आधी रस पिळून साल बाजूला काढतात. व्हाइटच्या स्टीलच्या टाक्या थंड ठेवलेल्या असतात. हात लावलात तर तळहात ओला होईल.

बाबांना हेही सांगा : नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडे 2000 च्या आधी वाइन बघायला जाणं ही कल्पनाच नव्हती. तिथल्या सुला वाइनरीच्या पहिल्या बाटल्या त्या वर्षी आल्या, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 चं. त्यांची पद्मिनी यापेक्षा मोठी आहे.

बाटल्या डिकीत उघड्या ठेवू नका, दुपारी तिथे भट्टी होते आणि वाइन बिघडते. थर्मोकोलच्या खोक्यात, ओल्या गोणपाटाखाली, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा.

पहिल्या रविवारी सहा वाजता रिकाम्या रस्त्यावर नुसता पहिला-दुसरा. तो जमला की पुढच्या रविवारी येऊरचा चढ, मध्येच थांबून पुन्हा निघायचं. बाबा शेजारी असू द्या. क्लच किती सोडायचा ते त्यांना इंजिनाच्या आवाजावरून तुमच्याआधी कळेल.