बोर्डिंग स्कूलसाठी 'प्रेपी' कपडे: ऑगस्टमध्येच सगळं घेऊ नका

ताई, मुलीला अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या बोर्डिंग स्कूलमध्ये नववीला प्रवेश मिळालाय, फायनान्शियल एडही (शाळेकडून खर्चाला मदत) मिळालीय, पण तिला "सगळं प्रेपी" हवंय आणि यादी १८०० डॉलरवर गेलीय, हे तुमचं वाचलं आणि मला आमचा २०१४ चा उन्हाळा आठवला. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता, न्यू जर्सीहून कनेक्टिकटला निघालेला.

कुठल्या दिवशी ब्लेझर, जीन्स चालते का, हे शाळेच्या नियमांच्या हँडबुकात असतंच, त्यात शिरत नाही. पण मुलीला आजच विचारा, प्रेपी म्हणजे तिला काय अभिप्रेत आहे? हल्ली आठवीतल्या मुली प्रेपी म्हणतात ते म्हणजे गडद गुलाबी रंग, स्मायली, लुलुलेमन ब्रँडचे कपडे आणि स्टॅनलीचा टम्बलर (पाण्याचा मोठा पेला). शाळेतलं प्रेपी निराळं. तो शब्दच प्रिपरेटरी स्कूलवरून, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या शाळेवरून आलाय. अशा जुन्या शाळांपैकी अँडोव्हर १७७८ ची, एक्सेटर १७८१ ची, आणि तिथून मुलं हार्वर्ड-येलला जायची. नेव्ही ब्लेझर, ऑक्सफर्ड शर्ट, खाकी, लोफर हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वेश. तुमच्या यादीतलं निम्मं मला पहिल्या प्रकारातलं वाटतंय.

आम्ही चुकलो ते इथे: सगळं नवं, सगळं एकदम, आणि शाळा बघायच्या आधी घेतलं. छातीवर भला मोठा घोडा असलेले पोलो शर्ट, दोन ब्लेझर, कडक इस्त्रीच्या पँटी. क्रेडिट कार्डावर १४०० डॉलर. थँक्सगिव्हिंगला मुलाचा मित्र आमच्याकडे राहायला आला. त्याच्या घरी तीन पिढ्या त्याच शाळेत शिकलेल्या. त्याने खुर्चीवर टाकलेला ब्लेझर मी हँगरला लावायला उचलला. काखेतलं अस्तर उसवलेलं, ते कुणीतरी काळ्या दोऱ्याने हातानेच टाचलेलं. कोपरं झिजून चकाकत होती. आत त्याच्या वडिलांच्या नावाची पट्टी. दाराशी काढलेल्या बोट शूजना डक्ट टेप गुंडाळलेली. तिथे जुनं, वापरून मऊ झालेलंच मानाचं, कारण ते घरातून आलेलं असतं. करकरीत नवं घातलेला मुलगा लांबूनच ओळखू येतो. माझ्या मुलाला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आम्ही पैसे कसे भरले ते त्याने पाहिलं होतं, म्हणून तो बोलला नाही. ते मला आजही लागतं.

आणि राग येतो तो शाळेतल्या एका ऑफिसचा. जुलैमध्ये मी दोनदा मेल केली, एडमध्ये कपड्यांचा खर्च बसतो का म्हणून. दोन्ही वेळा एका ओळीचं उत्तर: ड्रेस कोड हँडबुकमध्ये आहे. फोन केला तर तीन ठिकाणी फिरवला. जानेवारीत मुलाच्या ॲडव्हायझरने (त्याच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकांनी) सहज सांगितलं की एडवरच्या मुलांना ब्लेझर, बर्फाचे बूट, घरी येण्याचं तिकीट यासाठी वेगळे पैसे असतात, फक्त सत्राच्या सुरुवातीला मागायचे. झालेल्या खर्चाचे मिळत नाहीत. ज्यांना त्या पैशांची गरज, त्यांनाच ते आहेत हे कळू नये? मी विचारत होते हो, लेखी विचारत होते!

म्हणून तुम्ही मेल ॲडमिशनला नको, थेट फायनान्शियल एडला करा आणि ॲडव्हायझरला सीसीत ठेवा. "मदत मिळेल का" असं विचारू नका. "कपडे आणि प्रवासासाठी कुठला निधी आहे, अर्जाची शेवटची तारीख कोणती" असं विचारा. आमचा अनुभव एकाच शाळेचा, तोही मुलाचा आणि जुना. मुलींचं गणित वेगळं असू शकतं, शाळेगणिक नियमही बदलतात.

माझं ठाम मत: पहिल्या दोन आठवड्यांपुरतं न्या, बाकी तिथे बघून घ्या. पुष्कळ शाळांत पालकच वापरलेले ब्लेझर विकतात. आम्ही दुसऱ्या वर्षी तसाच घेतला, १२ डॉलरला. एल. एल. बीन या कंपनीचे बूट "आयुष्यभर बदलून देतात" असं कुणी सांगेल, ते २०१८ पासून बंद झालंय, आता वर्षभराचीच हमी. तळवे मात्र पैसे घेऊन बदलून देतात. आणि उन्हाळ्यात मद्रास चेक्सचा हट्ट धरला तर भारतातून येताना कापड आणून शिवून घ्या, ते मूळचं तिकडचंच. अस्सल असेल तर रंग जातो, साठच्या दशकात इथे तीच त्याची जाहिरात होती. थंड पाण्यात, वेगळं धुवा.

माझ्या त्या दोन मेल अजून आहेत. शाळेचं नाव काढून तुम्हाला पाठवते, म्हणजे काय विचारायचं राहिलं होतं ते दिसेल.