एफडी मोडून भाड्याच्या घरात स्वयंपाकघर करावं का?

नेरूळहून एका ताईंनी लिहिलंय. सिडकोने बांधलेल्या जुन्या चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्या दोन वर्षांपासून भाड्याने राहतात. यजमान रबाळेला कंपनीत, त्या स्वतः खाजगी शाळेत शिक्षिका, मुलगी सातवीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. भाडं २६,००० रुपये, डिपॉझिट १ लाख. करार अकरा महिन्यांचा, त्यातले चार महिने सरले. त्यांना घरात ३ लाख ४० हजारांचं काम करायचंय: ओट्याखाली ट्रॉल्या आणि वरची कपाटं १,३५,०००, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, टाइल्स आणि कमोड ९५,०००, एसी ४२,०००, खिडक्यांना ग्रिल आणि जाळ्या ३८,०००, रंग ३०,०००. पैसे ५ लाखांच्या एफडीतून येणार. साताऱ्याला राहणारे घरमालक फोनवर म्हणाले, "खुशाल करा, दोन वर्षं भाडं वाढवणार नाही." ताई लिहितात, "दिवसाचे चार तास त्या स्वयंपाकघरात जातात. कडप्प्याखाली झुरळं आणि ओल. मुलीची दहावी होईपर्यंत इथेच राहायचंय. करू ना?"

ताई, सगळं एकदम करू नका. त्यातलं एक काम मात्र या आठवड्यातच करा, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी मालकांच्या शब्दाची किंमत काढू. तुमचं भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतं. वाढ झाली नाही तर पहिल्या वर्षी महिन्याला १,३०० रुपये वाचतील, म्हणजे वर्षाचे १५,६००. दुसऱ्या वर्षी भाडं २८,६६५ झालं असतं, तिथे २,६६५ च्या हिशेबाने ३१,९८० वाचतील. दोन्ही मिळून ४७,५८०. तुम्ही त्यांच्या घरात ३ लाख ४० हजार घालणार आणि त्याबदल्यात पन्नास हजारही सुटणार नाहीत. मालकांच्या मनात काही वावगं आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी हा हिशेब केला नसेल, तुम्हीही केला नव्हता.

आता दुसरा हिशेब, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भाड्याच्या घरात पैसे घालताना खर्चाला महिन्यांनी भागायचं, आणि महिने मनातले नाही, करारात लिहिलेले धरायचे. तुमच्या मनात दहावीपर्यंतची तीन वर्षं आहेत. कागदावर सात महिने उरलेत. ३,४०,००० भागिले ७, म्हणजे महिन्याला ४८,५०० च्या वर, भाड्याच्या जवळजवळ दुप्पट. छत्तीस महिने धरले तर तोच आकडा साडेनऊ हजारांच्या आत येतो. काम तेच, सुतार तोच, फरक फक्त कागदाचा. शिवाय करारात 'दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस' असं कलम आहे का, ते आजच उघडून बघा. असेल तर तुमच्या हातात सातही नाही, एकच महिना आहे.

अकरा महिन्यांचाच करार करायचा ही आपल्याकडची नुसती सवय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा घर वापरायच्या परवानगीचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत अकरा महिने असो वा छत्तीस. मुद्रांक शुल्क पाव टक्का. तुमच्या बाबतीत छत्तीस महिन्यांचं भाडं ९,३६,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले ३०,०००, एकूण ९,६६,०००, त्यावर शुल्क २,४१५ रुपये. नोंदणी फी १,०००. एजंटचे पैसे वेगळे. एवढ्याशा खर्चात तीन वर्षं कागदावर येतात.

मालकांनी फोनवर दिलेला शब्द करारात आणायलाच हवा. याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. वाद झाला तर "ते तेव्हा म्हणाले होते" याने फारसं काही साधत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर सुताराला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

शेजारी कुणी सांगेल की दुरुस्ती करा आणि भाड्यातून कापून घ्या, कायद्यातच आहे. आहे खरं. कलम १४ मध्ये पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करण्याची आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करण्याची मुभा आहे. पण ती 'भाडेकरूला' आहे. बोलताना आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, कागदावर तुम्ही लायसन्सी, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी असलेल्या, आहात. त्या कलमावर विसंबून एक रुपयाही कापू नका.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग तुमचं काम नाही. खालच्यांच्या छताला ओल आली तर सोसायटीचं पत्र सभासदाला, म्हणजे मालकांना जाणार. घराच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची, हे सोसायटीच्या उपविधींतच आहे. तुम्ही ते काम केलंत आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाझरलं, तर तुमच्या गवंड्याने फरशी फोडली म्हणून बिघडलं, असं ऐकून घ्यावं लागेल. मालकांना फोटो पाठवा, अंदाजपत्रक पाठवा आणि काम त्यांच्याकडूनच करून घ्या. हाताशी रक्कम नाही म्हणाले तर खर्च तुम्ही करा, पण भाड्यातून दरमहा ५,००० वळते होतील असं लिहून घेऊन. कमोडसकट पंचाण्णव हजार एकोणीस महिन्यांत फिटतात.

फक्त कमोड त्या यादीतून आजच बाहेर काढा. सासूबाईंचे गुडघे कराराची वाट बघणार नाहीत. मालकांना कळवा, सोसायटीला विचारा आणि कमोड बसवून घ्या, भिंतीला धरायला दांड्याही लावा. टाइल्सला हात न लावता हे काम पंधरा-वीस हजारांत बसायला हवं. हे पैसे परत आले नाहीत तरी चालतील. घरातलं म्हातारं माणूस पडून मांडीचं हाड मोडलं की काय होतं, ते मी माझ्या आईच्या वेळी पाहिलंय.

एसी घ्या, तो तुमचाच. घर सोडताना काढून नेता येतो, काढण्या-बसवण्याचा खर्च तेवढा धरून ठेवा. खिडकीच्या मापाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळ्या मात्र दुसऱ्या घरात बसत नाहीत. डासांपुरतं वेलक्रोच्या जाळ्यांवर भागतं, ग्रिल मालकांनी लावावं. रंग तर नकोच. आपल्या भागात बरेच मालक घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतात, मग एकच भिंत तुम्ही दोनदा रंगवाल.

राहिलं स्वयंपाकघर, तुमचं खरं दुखणं. ट्रॉल्या ओट्याच्या मापाने बनतात, पुढच्या घरात त्यातल्या निम्म्याही बसत नाहीत. म्हणून मालकांपुढे उलटा प्रस्ताव ठेवा: १,३५,००० त्यांनी खर्च करावेत, तुम्ही महिन्याला २,००० भाडं वाढवून द्याल. त्यांना वर्षाला २४,००० जास्त मिळतात, त्यांच्या पैशावर साडेसतरा टक्क्यांहून अधिक, आणि स्वयंपाकघर त्यांचंच राहतं. तुमचे तीन वर्षांत ७२,००० जातात आणि एफडी शाबूत राहते. शिवाय यजमान जुन्या करप्रणालीत असतील तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीत वाढलेलं भाडं धरता येईल. ट्रॉल्यांचं बिल तिथे कधीच चालत नाही. नव्या प्रणालीत ही सवलत नाही, त्यामुळे तो मुद्दा सोडून द्या.

मालक नाहीच म्हणाले आणि खर्च तुम्हालाच करायचा झाला, तर छत्तीस महिन्यांचा करार आधी, ट्रॉल्या नंतर. भाडं वेळेवर मिळतंय तोवर त्यांना घर रिकामं करून मागता येणार नाही, तुम्हाला मात्र महिन्याच्या नोटिशीवर निघता येईल, असा लॉक-इन मागा. आणि तुमचा खर्च तीन वर्षांत सरळ उतरत जाईल हे लिहून घ्या: वर्षाने घर सोडायला लावलं तर ९०,००० परत, दोन वर्षांनी ४५,०००, डिपॉझिटबरोबरच.

हे कलम विक्रीला आणि पुनर्विकासालाही लागू करा, कारण खरा धोका तिथेच आहे. घर विकलं गेलं तर नवा मालक जुन्या लायसन्सला आपोआप बांधील नसतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ मध्येच तसं आहे. आणि नेरूळ-वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला निघताहेत. तुमच्या सोसायटीने पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खाली सभा घेतली आहे का, विकासक ठरला आहे का, हे सेक्रेटरींना आजच विचारा. ठरला असेल तर हा सगळा विषयच मिटला. विकासकाकडून येणारं भाडं आणि शिफ्टिंगचे पैसे सभासदाला मिळतात, तुम्हाला नाही. पाचपाखाडीत आम्ही भाड्याने राहत असताना असाच एक माळा आणि दोन भिंतभर कपाटं करून घेतली होती. चौदा महिन्यांत इमारत रिकामी करावी लागली. बायकोने कपाटांची दारं तेवढी काढून आणली, ती पुढे कुठेच बसली नाहीत.

एफडीबद्दलही बोलायला हवं. तुमच्या घराचा महिन्याचा खर्च ७०,००० आहे. ५ लाखांत सात महिने निघतात. ३ लाख ४० हजार काढले तर दोन महिन्यांच्या थोडं वर उरतं, आणि तेवढ्यात घर सोडायची वेळ आली तर नवं डिपॉझिट आणि दलाली त्यातूनच भरावी लागेल. कमोड आणि एसीचे साठ-बासष्ट हजार काढा, तेही दोघांच्या पगारातून पाच-सहा महिन्यांत परत भरा.

घर बदलायचा पर्यायही नीट बघा. त्याच परिसरात तयार स्वयंपाकघराचं घर समजा ३१,००० ला मिळालं, तर तीन वर्षांत भाड्याचे १,८०,००० जास्त, एक महिन्याची दलाली ३१,०००, टेम्पो-हमालीचे १५,००० धरले तरी २,२६,००० होतात. ३ लाख ४० हजारांपेक्षा एक लाखाहून जास्त कमी, आणि ते एकदम नाही, महिन्या-महिन्याने जातात. मुलीची शाळा तीच राहील, सासूबाईंसाठी लिफ्टची इमारत शोधता येईल. जिना चढताना त्यांचं काय होतं हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिसरा मजला आहे, म्हणून विचारतो.

तोवर झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल करा, ओट्याखाली स्टीलचे सुटे रॅक लावा. पाच-सात हजारांत रोजचा त्रास बराच हलका होईल आणि रॅक तुमच्याबरोबर येतील. मालकांना या रविवारी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: छत्तीस महिन्यांचा नोंदणीकृत करार कराल का, आणि स्वयंपाकघर तुम्ही करून भाडं २,००० वाढवाल का. दोन्हींना नकार आला तर मुलीची परीक्षा संपेपर्यंत आहे तसं राहा आणि त्याच सुमारास करार संपेल तेव्हा लिफ्टचं घर बघायला लागा.