आम्रपालीचा कमरपट्टा घरी करायचाय

प्रश्न : ताई, भाचीचं कॉलेजचं गॅदरिंग आहे आणि ती 'आम्रपाली'तल्या गाण्यावर नाचणारे. माझ्या आईचा हा सगळ्यात लाडका सिनेमा, म्हणून वैजयंतीमालासारखा कमरपट्टा आणि बाजूबंद भाड्याने न आणता मला स्वतः करायचेत. भांडी बाजारात पितळेचा पत्रा बघून आले, जमेल का मला? आणि सिनेमा थांबवून माप कसं घ्यायचं?
एक मावशी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मावशी, नक्की करा, भाड्याने मिळतो तो बहुतेक भरतनाट्यमचा पट्टा असतो, आणि आम्रपालीचा थाटच वेगळा. १९६६ च्या त्या सिनेमाचे कपडे भानू अथैयांनी केले होते, आपल्या कोल्हापूरच्या, पुढे 'गांधी'साठी ज्यांना ऑस्कर मिळालं त्याच, आणि त्यासाठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली होती. म्हणून स्क्रीनशॉट झूम करत बसण्याआधी अजिंठ्याच्या पहिल्या आणि सतराव्या लेण्यातल्या चित्रांचे चांगले फोटो बघा. सतरामधल्या अप्सरेच्या गळ्यातले सर एका बाजूला झुललेत, ते बघितलं की सिनेमात जे धूसर दिसतं ते कसं ओवलं असेल याचा अंदाज येतो.

पितळ मात्र नाचासाठी नको. पत्र्यावर उठाव आणायचा तर तो लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचा, राळेवर बसवून ठोकायचा, ठोकता ठोकता कडक झाला की परत तापवायचा, हे तांबट लेनमधल्या मुरलेल्या हातांचं काम आहे, आणि कडा कितीही घासल्या तरी गिरकी घेताना पोटाला टोचणारच. अगदीच हौस असेल तर मधलं पदक तेवढं पितळेचं करून घ्या, बाकी सगळं ईव्हीए फोमचं, म्हणजे रबरासारख्या मऊ, हलक्या शीटचं करा.

मापाचं सोप्पंय. हात पट्ट्याजवळ आहे अशी फ्रेम थांबवा, पट्ट्याची रुंदी तिच्या तळहाताच्या किती पट आहे ते पट्टीने काढा, मग तेवढंच भाचीच्या तळहातावरून घ्या. सिनेमातले इंच शोधत बसू नका, पट्टा भाचीच्या अंगावर शोभायला हवा.

आता खरी मेख कमरेच्या आकारात आहे. जुना टीशर्ट घालून तिच्या कमरेला क्लिंग रॅप गुंडाळा, त्यावर मास्किंग टेप आडवा-उभा चिकटवा, तिला पोटभर श्वास घ्यायला सांगा आणि तिथेच पेनाने डिझाइन काढा, पुढची मधली रेघ मारा, मग पाठीमागून जपून कापा. टेबलावर पसरलं की दिसेल, खालची कड वरच्यापेक्षा लांब आहे, म्हणजे पट्टा कमानदार कापायचाय. सरळ पट्टी कापून गुंडाळली की पट्टा नाचताना वर सरकतो आणि सगळा शो जातो.

पाच एमएमचा फोम पायाला, वरच्या पाकळ्या आणि वेलबुट्टी दोन एमएमची. हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, हलकेच शेकलं की फोमची चमक बदलते, तेव्हाच वाकवून गोलाई द्या. चिकटवायला फेविकॉल एसआर दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा, आणि हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा, वास फार उग्र असतो. मग साध्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून तीन-चार हात द्या, नाहीतर फोम रंग पितो. आधी सगळं काळं रंगवा, सुकू द्या, मग स्पंजाने सोनेरी नुसतं टिपत जा, ब्रश नको, खाचांत काळं राहिलं की स्टेजच्या लाइटखाली उठाव असा काय दिसतो म्हणून सांगू! मोत्यांचे सर प्लॅस्टिकचे चालतील पण नायलॉनच्या दोऱ्यात ओवा आणि दर थोड्या मण्यांनंतर गाठ मारा, तुटला तर सगळे स्टेजभर पसरणार नाहीत. मागे वेल्क्रो नको, हुक आणि रुंद इलॅस्टिक लावा. बाजूबंद याच पद्धतीने, फक्त इलॅस्टिक थोडं सैल ठेवा.

प्रश्न : नाटकासाठी मुकुट केला, पण सोनेरी रंग घामाने कपाळाला लागतो, काय करू?
एक वाचक, सिन्नर

उत्तर : दादा, रंग दोन दिवस पूर्ण सुकू द्या, मग पाण्यातलं क्लिअर व्हार्निश पातळ पातळ दोनदा मारा. कपाळाला टेकते त्या आतल्या बाजूला रंगच नको, तिथे सुती पट्टी शिवा किंवा चिकटवा, घामही टिपेल आणि मुकुट घसरायचाही नाही.