बंद न होणारा व्हॉल्व्ह बदलण्यासाठी पाइप गोठवता येतो का, आणि त्यासाठी कोणते साधन घ्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : बारा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमचे घर आहे, डक्टमध्ये (पाइप नेण्याच्या उभ्या पोकळीत) डाउनटेकपासून, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या मुख्य पाइपपासून, घराकडे येणाऱ्या १ इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपवरचा गेट व्हॉल्व्ह कितीही आवळला तरी पाणी सोडतो, गच्चीवरचा मुख्य व्हॉल्व्हही पकडत नाही आणि टाकी रिकामी करायला सोसायटी तयार नाही. अशा वेळी पाइपमधले पाणी गोठवून व्हॉल्व्ह बदलता येतो का, ते सुरक्षित आहे का आणि यंत्र कोणते घ्यावे, हे तुम्हाला हवे आहे. इमारतींतील पाण्याच्या आणि वातानुकूलनाच्या जोडण्यांची देखभाल हे माझे काम असून पाइप गोठवण्याची पद्धत मी अनेकदा वापरली आहे. पाइप गोठवता येतो, म्हणजे पाइपच्या थोड्या लांबीतील पाण्याचा बर्फ करून त्याच बुचाने पाणी अडवता येते, आणि १ इंची जीआय पाइप हा त्यासाठी अगदी सोयीचा पाइप आहे. मात्र यंत्र निवडण्याआधी एका गोष्टीची खात्री करावी लागते, ती म्हणजे डाउनटेकमधून घराकडे फुटणाऱ्या त्या फांदीतील पाणी पूर्ण स्थिर ठेवता येईल का.

माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एकात मी नेमके याकडेच दुर्लक्ष केले होते. यंत्र उत्तम होते, पाइपला थंड करणाऱ्या पकडी नीट बसल्या होत्या, पाइपवर पांढरे हिमही दिसत होते. परंतु दोन तास उलटले तरी आत बर्फाचे बूच तयार होईना. शेवटी त्या घराच्या न्हाणीघरात गेलो, तेव्हा फ्लशच्या टाकीतून भांड्यात आवाज न करता पाण्याची बारीक धार उतरत असल्याचे दिसले. फ्लशकडे जाणारा कोन-व्हॉल्व्ह बंद केल्यावर अर्ध्या तासात काम झाले.

असे का होते ते आकड्यांतून स्पष्ट दिसते. १ इंची जीआय पाइपचा आतला व्यास सुमारे २७ मिलिमीटर असतो आणि त्यात १५ सेंटिमीटर लांबीचे बूच तयार करायचे म्हटले, तर सुमारे ८६ मिलिलिटर पाणी गोठवावे लागते. पाणी २८ अंश सेल्सिअसला असेल, तर ते शून्यापर्यंत थंड करून त्याचा बर्फ करण्यासाठी जवळपास ३९ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. आता मिनिटाला फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला पाणी वाहत आहे असे समजा. दहा मिनिटांत १ लिटर नवे पाणी त्या जागेतून जाते आणि ते नुसते शून्य अंशापर्यंत आणायलाच ११७ किलोज्यूल लागतात, म्हणजे अख्ख्या बुचाच्या तिप्पट. छोट्या यंत्राला हा भार पेलत नाही. याउलट पाणी कोमट असल्याची लोक जितकी काळजी करतात तितकी ती आवश्यक नसते, कारण बहुतेक उष्णता पाण्याचा बर्फ होतानाच काढावी लागते. गच्चीवरच्या टाकीतील पाणी २० ऐवजी ३५ अंशांवर असले, तरी काम साधारण १५ टक्क्यांनीच वाढते. तेव्हा घरातील सर्व नळ, फ्लश, गीझर आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राकडे जाणारी जोडणी तपासून बंद करा. पकड लावल्यानंतर हिमाची रेषा घराच्या बाजूला लांबत असेल आणि डाउनटेकच्या बाजूला जेमतेम दिसत असेल, तर पाणी अजून वाहत आहे असे समजावे.

यातच जागेचा प्रश्नही येतो. डाउनटेकमधून इतर घरांचे पाणी सतत वाहते आणि टी-जोडाच्या, म्हणजे फांदी जिथे फुटते त्या जोडाच्या, अगदी जवळ पकड लावली, तर तिथली खळबळ फांदीच्या तोंडात कोमट पाणी ढकलत राहते. माझ्या अनुभवात टी-जोडापासून पकडीपर्यंत आणि पकडीपासून व्हॉल्व्हपर्यंत साधारण एक-एक फूट सरळ पाइप मिळाला, तर काम निर्धास्तपणे करता येते. तेवढी जागा नसेल तर पहाटे तीन-चारच्या सुमारास, इमारतीत पाण्याचा वापर जवळजवळ थांबलेला असताना, काम करणे हाच उपाय उरतो.

आता साधनांविषयी. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला प्रकार फवाऱ्याच्या डब्याचा असून त्यात पाइपभोवती फोमचे वेष्टन गुंडाळून आत थंड वायू सोडतात. अर्धा किंवा पाऊण इंची तांब्याच्या पाइपवरील झटपट कामासाठी तो ठीक आहे. परंतु बूच किती वेळ टिकेल हे डब्यात किती वायू उरला आहे यावर ठरते आणि तुमच्या पाइपवर, गंजलेले आटे सुटायलाच अर्धा तास लागण्याची शक्यता असताना, मी तो वापरणार नाही. शिवाय काही डब्यांत ज्वलनशील वायू असतो, म्हणून डब्यावरची सूचना वाचल्याशिवाय जवळ ज्योत पेटवू नये.

दुसरा प्रकार द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा आहे. आतून नळी असलेल्या सिलिंडरमधून द्रव काढून तो पाइपभोवतीच्या वेष्टनात सोडला की उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ तयार होतो. ही पद्धत वेगवान आहे, मोठ्या पाइपलाही चालते आणि तिला विजेची गरज नसते. तरीही डक्टमध्ये मी तिचा ठाम विरोध करतो. १ किलो द्रवापासून खोलीच्या तापमानाला ५०० लिटरहून अधिक वायू होतो, तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे खाली साचतो आणि अरुंद डक्टमध्ये वाकून काम करणाऱ्याचे नाक नेमके तिथेच असते. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा उपयोग मोठ्या औद्योगिक वाहिन्यांवर होतो. तो प्रशिक्षित माणसांच्याच हाती असावा, कारण तेवढ्या थंडीत साधे पोलादही ठिसूळ होते.

तिसरा प्रकार विजेवर चालणाऱ्या यंत्राचा आहे. फ्रीजसारखाच कॉम्प्रेसर आणि लवचिक नळ्यांच्या टोकाला दोन धातूच्या पकडी, अशी त्याची रचना असते. रिजिड, रोथेनबर्गर, रेम्स या कंपन्या अशी यंत्रे बनवतात. यंत्र चालू आहे तोवर बूच टिकते, वायू बाहेर पडत नाही आणि घाई करावी लागत नाही; या तीन कारणांसाठी तुमच्या कामाला मी हेच सुचवेन. तुमच्या पाइपला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ धरा. हेच काम २ इंची पाइपवर केले तर गोठवायचे पाणी जवळजवळ चौपट होते आणि वेळही त्याच प्रमाणात किंवा त्याहून अधिक वाढतो, म्हणून एका इंचावरचा अनुभव दोन इंचांना लावू नये. एका व्हॉल्व्हसाठी यंत्र विकत घेऊ नका. मोठ्या इमारतींतील चिलरची (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) देखभाल करणाऱ्या कंत्राटदारांकडे ते असण्याची शक्यता अधिक असते. यंत्र आणि ते चालवणारा माणूस दोन्ही एका दिवसासाठी मिळवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

पकड लावण्याआधी पाइपवरचा सुटा गंज आणि जाड रंग तारेच्या ब्रशने काढा, पाइपच्या मापाचेच अस्तर वापरा आणि फटीत जेल भरा किंवा पाणी फवारा, कारण हवेची पातळ फटही थंडी अडवते. गंजाने पाइप पातळ झाला असेल, त्यावर पापुद्रे किंवा जुनी गळती दिसत असेल, तर तिथे गोठवू नका. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या पाण्यात हा दाब पाइप फोडू शकतो. तुमच्या पाइपची एक बाजू डाउनटेकला मोकळी आहे, त्यामुळे काळजी फक्त घराकडच्या बाजूची घ्यावी लागते.

म्हणूनच दोन्ही बाजूंना हिमाची रेषा पक्की दिसल्यावर आणि यंत्राने ठरवून दिलेला वेळ उलटल्यावर जुना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग घरातील सर्वांत खालचा नळ आणि सोबत एखादा वरचा नळ उघडा. कोंडलेला दाब त्याने सुटतो आणि बुचाची परीक्षाही होते. घरातील साठलेले पाणी उतरून धार थांबली पाहिजे. त्यानंतर दहा मिनिटे एक थेंबही पडला नाही, तरच युनियनला (पाइप सोडवता येणाऱ्या जोडाला) पाना लावा. ही परीक्षा टाळून पाइप कापणाऱ्याला मी कामावरून उठवले आहे, कारण टाकीपासून तुमच्या मजल्यापर्यंत सुमारे ३० मीटर उंची आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब, आणि त्या बुचावर तेव्हा साधारण १७ किलो वजनाइतका जोर असतो.

नवा बॉल व्हॉल्व्ह निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा छोटा तुकडा) आणि टेफ्लॉन टेपसह आधीच तयार ठेवा आणि तो उघडा ठेवूनच बसवा. बूच सुटले तरी पाणी त्यातून वाहते, आटे धरतात आणि मग दांडी फिरवून तो बंद करता येतो. वीज गेली तरी बूच काही मिनिटे टिकते, तेवढ्यात हे साधले पाहिजे. एका पान्याने गोठलेल्या बाजूचा पाइप घट्ट धरूनच दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्ह फिरवा, थंड पाइपवर हातोडी मारू नका आणि आट्यांवर जमलेले दव टेप लावण्यापूर्वी पुसून घ्या. पकडींना उघडा, ओला हात लावू नये, तो चिकटतो. काम झाल्यावर यंत्र बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या. पकड ओढून काढू नका आणि ज्योतीने पाइप तापवू नका. पुढे व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि नळाची जाळी काढून थोडे पाणी वाहू द्या, कारण सुटलेला गंज तिथेच अडकतो.

आणखी एक गोष्ट. डक्टमध्ये नीट पाहा, कारण अनेक जुन्या इमारतींत डाउनटेक जीआयचा असला तरी फांदी नंतर सीपीव्हीसी या प्लास्टिकची केलेली असते. सीपीव्हीसीमधून उष्णता पोलादाच्या सुमारे साडेतीनशेव्या हिश्शानेच वाहते, त्यामुळे बराच अधिक वेळ लागतो आणि जुना पाइप थंडीत तडकण्याची भीती असते. शिवाय ओल्या, थंड पाइपवर सॉल्व्हंट सिमेंट (असे पाइप जोडण्याचा चिकट द्रव) धरत नाही. तसे निघाले तर मला कळवा. त्या परिस्थितीत पाइप गोठवण्याऐवजी सोसायटीकडून एका रात्रीपुरती टाकी रिकामी करून घ्या, असाच सल्ला मी देईन, आणि त्याच रात्री गच्चीवरचा नादुरुस्त व्हॉल्व्हही बदलून घ्यायला सांगेन.