पांढरा हात मारायच्या आधी गच्ची बघा: कूल कोटिंगवर तुमचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की प्रश्न सगळे एकाच बाजूने यायला लागतात. गच्चीला ते ऊन परत फेकणारं पांढरं कोटिंग मारू का, कोणतं मारू, पैसे वाया जाणार नाहीत ना. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, कोल्हापूर भागातली गाव-पेठ तेवढी ठेवली.

प्रश्न (राजारामपुरी): आमचा स्लॅब पंधरा-सोळा वर्षांचा आहे. वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये रात्री अकरापर्यंत पंख्यातून गरम वारा येतो आणि पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल धरते. पांढरं कोटिंग मारलं की दोन्ही जाईल असं पेंटर म्हणतोय. खरं काय?

उष्णता नक्की कमी होईल, ओलीचं मात्र पेंटर बोलतोय तेवढं सोपं नाही.

आधी ऊन स्लॅबचं काय करतं ते बघा. मे महिन्यात दुपारी उघड्या काळपट स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, साठ अंशाच्या आसपास जातो तो, आणि मग चार वाजता वळीव कोसळला की तोच स्लॅब झटक्यात थंड होतो. काँक्रीट तापलं की वाढतं, निवलं की आखडतं. दहा मीटर लांबीच्या स्लॅबला तीस अंशाचा फरक पडला तर साधारण तीन मिलिमीटरची हालचाल होते, आणि ही रोजची आहे बरं का. ती सगळी ओढाताण स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यावर येते, म्हणून तुमची ओल नेमकी कोपऱ्यात आहे. चांगलं पांढरं कोटिंग नवीन असताना ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परत फेकतं, स्लॅब कमी तापतो, कमी हलतो, भेगा उशिरा पडतात. छताचं आयुष्य वाढतं ते यामुळं, नुसती खोली गार होते म्हणून नाही.

पण पडलेली भेग कोटिंग सांधत नाही. त्यामुळं क्रम असा ठेवा. पावसाळी पाईपची तोंडं बंद करून गच्चीत इंच-दीड इंच पाणी एक दिवस उभं करा (दोन इंचाच्या वर नको, तेवढं पाणी एका चौरस मीटरला पन्नास किलो भरतं), आणि खाली कुठं ओल उमटते ते बघा. मग पाणी सोडल्यावर डबकी कुठं राहतात त्यावर खडूने गोल करा. तिथं उतार सुधारायचा, भेगा कापून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने) भरायच्या, कठड्याच्या कडेला गोलाई करून त्यावर जाळीचं कापड घालून कोटिंग करायचं, आणि मग सगळ्या गच्चीवर. खाली छताचं प्लॅस्टर फुगून सळ्या दिसत असतील तर ते काम सगळ्यात आधी. गंजलेली सळी वरून रंग मारून थांबत नाही.

आणि ओला स्लॅब रंगवू नका. एक हात-दीड हाताचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा, सकाळी आतून पाण्याचे थेंब दिसले तर स्लॅब अजून वाळलेला नाही. घाई केली तर उन्हात ती वाफ वर येते आणि कोटिंगला पापडासारखे फुगे येतात.

प्रश्न (उचगाव): पत्र्याचं घर आहे, वरून थोडा गंज धरलाय. दुकानदार चंदेरी रंग घ्या म्हणतोय, चकाकतो म्हणून ऊन परत जातं म्हणे. मी पांढरा घ्यावा म्हणतो.

तुमचंच बरोबर आहे. चकाकी बघून फसू नका. चंदेरी अॅल्युमिनियम रंग ऊन परत फेकतो हे खरं, पण जेवढं शोषतो ती उष्णता बाहेर टाकायला तो आळशी असतो. पांढरं कोटिंग दोन्ही कामं करतं, ऊन फेकतं आणि आतली उष्णता पण आकाशाकडं सोडतं. नवा कोरा जस्ती पत्रा कसा चमकतो, तरी दुपारी हात लावून बघा की.

पत्र्याचं दुखणं गंजाचं. वीस फुटी पत्रा पहाटे वीस अंश आणि दुपारी साठ अंश असा फिरला तर जवळपास तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो. प्रत्येक हूक आणि स्क्रूच्या भोकावर तेवढी रोजची घासाघीस, रबर वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो, तिथनं पाणी शिरतं आणि गंज पहिला तिथंच दिसतो. दुसरा दिसतो एकावर एक पत्रा जिथं चढतो त्या सांध्यात. तर आधी तडकलेले वॉशर बदला, ढिले स्क्रू आवळा किंवा एक नंबर जाडा टाका, गंज तारेच्या ब्रशने निघेल तेवढा काढा, गंजरोधक प्रायमर लावा, मग पांढरं कोटिंग दोन हात. पत्र्याला बोटाने आरपार दाबता येत असेल तर तो पत्रा बदला, त्याला रंग लावणं म्हणजे पैसे वाया. नवीन जस्ती पत्र्यावर सरळ रंग बसत नाही, काही महिन्यांनी पोपडे निघतात, त्याला जस्तावर धरणारं वेगळं प्रायमर लागतं. दुकानात तसं स्पष्ट विचारा.

प्रश्न (कागल तालुका): गोठ्याला जुने सिमेंटचे पत्रे आहेत. उन्हाळ्यात म्हशी दम टाकतात, दूधही कमी येतं. त्यावर चालेल का?

चालेल, आणि उपयोगही होईल. उष्णतेचा त्रास झाला की जनावर खातं कमी आणि दूधही उतरतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. जुन्या सिमेंट पत्र्यात बहुतेक वेळा अॅस्बेस्टॉस असतं, त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर ते निघत नाहीत आणि वर्षानुवर्षांनी आजार होतो. त्यामुळं कोरडा घासायचा नाही, जेट मारायचा नाही, ग्राइंडर तर अजिबात नाही. पाइपाने हळू ओला करायचा, मऊ झाडूने शेवाळ काढायचं, तोंडाला चांगला मास्क, आणि धुतलेलं पाणी गव्हाणीत जाऊ द्यायचं नाही. वाळल्यावर कोटिंग. त्याने वरचे सुटे तंतूही बांधले जातात, हा फायदा जास्त मोठा म्हणायला हवा. आणि पत्र्यावर उभं राहू नका! तो जुना झाला की न सांगता तुटतो. खालच्या अँगलवर टेकणाऱ्या फळ्या टाकून फळीवरूनच चाला.

प्रश्न (पन्हाळा): मंगलोरी कौलांना मारावं का?

नको. कौलाखालून हवा खेळते, ते वाळतं आणि ओलं होतं, त्याचं काम चाललेलं असतं. फुटकी कौलं बदला, रीप-वासे बघा, माथ्यावरच्या कोन्याचा चुना-सिमेंट नव्याने भरा. एवढ्या धुक्या-पावसात कोटिंगवर शेवाळच धरायचं.

प्रश्न (कळंबा): ठेकेदार दहा वर्षांची गॅरंटी देतोय, हजार स्क्वेअर फुटाला दोन बकेट लागतील म्हणतो. कसं तपासायचं?

गणित करा, गॅरंटीचा कागद नंतर वाचा. एक लिटर कोटिंग एक चौरस मीटरवर पसरलं की एक मिलिमीटर ओला थर होतो, त्यातलं निम्मं वाळून गेलं तर अर्धा मिलिमीटर सुका उरतो. हजार स्क्वेअर फूट म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर सुका थर हवा तर नव्वद लिटरच्या वर माल, म्हणजे वीस लिटरच्या साडेचार-पाच बकेट. दोन बकेटमध्ये तुम्हाला त्याच्या निम्म्यापेक्षा कमी जाडी मिळणार, वरून दिसायला मात्र पांढरीशुभ्रच. बकेटवर घनपदार्थ (वाळल्यावर मागे उरतो तो भाग) किती टक्के लिहिलेत ते बघा, माल साइटवर सीलबंद येऊ दे, रिकाम्या बकेटा मोजून घ्या. जास्त पाणी घालतोय का तेवढं बघत उभं राहा, चहा देत देत.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या तापलेल्या स्लॅबवर कोटिंग लगेच वाळतं आणि धरत नाही, आणि संध्याकाळी वळवाचा भरवसा नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर हात मारा, दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर. गळीत हंगामात साखर कारखान्याची काळी राख गच्चीवर येत असेल तर हंगाम संपला की धुऊन घ्या, मळलेलं पांढरं कोटिंग ऊन परत फेकायचं कमी करतं.

प्रश्न (मंगळवार पेठ): गच्चीत मिरची, कुरडया वाळवतो. आणि समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात चमक डोळ्यात जाते.

वाळवणाला खाली चटई-कापड असतंच, त्याला काही होत नाही. खुर्च्यांचे पाय, लोखंडी स्टँड, टाकीचं ओझं मात्र नुसत्या कोटिंगवर ठेवू नका, खाली फरशीचा तुकडा द्या. आणि सोलरच्या स्टँडचे बोल्ट जिथं स्लॅबमध्ये गेलेत तिथं कोटिंगच्या आधी सीलंट भरा, बऱ्याच गच्च्या तिथनंच गळतात. रोज वावर असेल तर पांढऱ्या चायना मोझॅकचा (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवतात त्याचा) विचार करा, महाग पडतं पण तुडवायला पक्कं, आणि तेही ऊन फेकतं.

काकूंचं खरं आहे. कठडा आड येतो म्हणून खालच्या लोकांना त्रास होत नाही, वरच्या मजल्यांना होतो. फिकट क्रीम किंवा फिकट राखाडी घ्या, ऊन थोडं कमी फेकेल पण भांडण मिटेल. आणि काकूंनाच विचारा की त्यांच्या गच्चीला काय मारलंय.