सांगलीहून जर्मनीत हॉस्पिटल इंटर्नशिप: आधी दार कुठलं ते ठरव

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तू सांगली जिल्ह्यात बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पुढच्या वर्षी मास्टर्ससाठी जर्मनीत यायचा विचार आहे. इथे आल्यावर हॉस्पिटलात किंवा मेडिकल रिसर्चमध्ये इंटर्नशिप मिळते का, पैसे मिळतात का, जर्मन कितपत लागतं, आणि एका एजंटने दाखवलेलं 'हॉस्पिटल इंटर्नशिप पॅकेज' घ्यावं का, असं विचारलंयस. मी मिरजेची, बी.फार्मच केलेली. गेली काही वर्षं लाइपझिगमध्ये आहे आणि क्लिनिकल ट्रायल्सच्या, म्हणजे औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांच्या, समन्वयाचं काम करते. विद्यार्थी म्हणून या सगळ्यातून गेलेय, आणि आता विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्यांतही आहे.

पॅकेजचं आधी मिटवून टाकू. घेऊ नकोस. हॉस्पिटल विद्यार्थ्याला घेतं ते स्वतःच्या अर्जावर, स्वतःच्या कागदपत्रांवर; मधल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. अशा पॅकेजांत मिळतं ते बहुतेक वेळा दोन-चार आठवडे कोणाच्या तरी मागे उभं राहणं आणि शेवटी एक रंगीत सर्टिफिकेट. इथल्या प्रोफेसरला त्या कागदाचं काडीचं कौतुक नसतं. आणि जाता जाता, डाडच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या जर्मन संस्थेच्या, 'राइझ जर्मनी' इंटर्नशिपची लिंक सगळे एकमेकांना पाठवत असतात, तू पण पाठवलीस. ती उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्यासाठी नाही, त्यात वेळ घालवू नकोस.

आता मुद्द्याचं. 'हॉस्पिटलात इंटर्नशिप' असं तू एका दमात लिहिलंयस, पण इथे ती तीन वेगवेगळी दारं आहेत: वॉर्ड, लॅब आणि ट्रायल्सचं ऑफिस. भाषा वेगळी, पैसे वेगळे, पुढची वाट वेगळी. यातलं कुठलं हवंय ते ठरल्याशिवाय कुठल्या युनिव्हर्सिटीला अर्ज करायचा हेही ठरत नाही.

वॉर्डवर जायचं असेल तर जर्मन बी-टू (ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्यांतली चौथी) पाहिजेच, आणि ते नुसतं परीक्षेपुरतं नाही. मिरजेच्या सिव्हिलला तू गेली असशीलच. अथणी-चिक्कोडीकडून आलेला पेशंट कन्नडमध्ये बोलायला लागला की अख्खा वॉर्ड त्या एका कन्नड येणाऱ्या सिस्टरला शोधत फिरतो. डॉक्टर कितीही हुशार असू दे, तेवढा वेळ तो बिनकामाचा. इथे वॉर्डवर तू तशी बिनकामाची असशील, आणि तुझ्यासाठी कोणी सिस्टर शोधायला जाणार नाही. त्यात इथले म्हातारे लोक आपापल्या भागाची बोली बोलतात, पुस्तकातलं जर्मन नाही. आणखी एक गोष्ट नीट समजून घे, कारण यात बऱ्याच जणांचा गैरसमज असतो: इथे मास्टर्स केलं म्हणून फार्मासिस्ट म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी वेगळा सरकारी परवाना लागतो, आणि भारतातली डिग्री असेल तर सहसा त्याआधी सी-वन पातळीची व्यावसायिक भाषेची परीक्षा आणि विषयाच्या ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. तुला तेच करायचं असेल तर मास्टर्सचा विचार बाजूला ठेव आणि पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला नाव घाल.

लॅबचं दार सर्वांत सोपं. लाइफ सायन्सेसचे बरेच मास्टर्स कोर्स इंग्रजीत आहेत आणि त्यांच्यात लॅब रोटेशन असतं, साधारण सहा-आठ आठवडे एका ग्रुपमध्ये. हे अभ्यासक्रमातलंच, त्याचे क्रेडिट मिळतात, पैसे सहसा मिळत नाहीत. रोटेशनमध्ये तू नीट काम केलंस तर तोच ग्रुप पुढे तुला विद्यार्थी-सहायक म्हणून घेऊ शकतो. त्याला इथे 'हिवी' म्हणतात, आणि त्याचे पैसे मिळतात. माझ्या ओळखीतल्या बहुतेक भारतीय मुलामुलींची गाडी याच रुळावरून पुढे गेली. प्राण्यांवरचे प्रयोग असलेला ग्रुप असेल तर आधी त्याचं रीतसर प्रशिक्षण लागतं. ते दर आठवड्याला होत नाही, म्हणून ग्रुप निवडतानाच विचारून घे.

तिसरं दार माझं, म्हणजे ट्रायल्सचं. तू फार्मसीची असल्यामुळे हे तुला सर्वांत जवळचं, आणि याबद्दल फार कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सकाळी साडेसातला पेशंट येतो. नर्स रक्त काढते. ट्यूब हातात आली की ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, खळखळून हलवायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. सीरमची ट्यूब असेल तर रक्त गोठेपर्यंत अर्धा तास उभी ठेवायची, मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं मशीन. समोरासमोरच्या खाचांत सारख्या वजनाच्या ट्यूब, नाहीतर मशीन थरथरायला लागतं. मग वरचा पिवळसर भाग छोट्या क्रायोट्यूबांत भरायचा, लेबल लावायचं आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं. इंटर्नचं मुख्य काम काय? वेळ लिहिणं. रक्त किती वाजता काढलं, मशीन किती वाजता लावलं, फ्रीजरमध्ये किती वाजता गेलं. तिथल्या तिथे, घड्याळ बघून, पेनाने. नंतर आठवून नाही. काही चुकीचं लिहिलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि आपली सही. व्हाइटनर हा शब्दसुद्धा काढायचा नाही. आपल्याकडे जर्नल सबमिशनच्या आठवड्यात सीनियरच्या वहीवरून कसं 'पूर्ण' होतं ते तुला मी सांगायला नको. ती सवय इथे पहिल्याच आठवड्यात उघडी पडते, कारण औषध कंपनीने नेमलेला तपासनीस, म्हणजे मॉनिटर, येऊन ओळीन् ओळ मूळ कागदाशी ताडून बघतो.

संमतीपत्राच्या वेळी इंटर्नला बाजूला बसून ऐकायला मिळतं, अर्थात पेशंटची हरकत नसेल तर. समजावून सांगायचं काम डॉक्टरचं, आपण तोंड उघडायचं नाही. मला एक आजी आठवतात, ऐंशीच्या आसपासच्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे मला खरी गोळी मिळणार की नुसतीच?" डॉक्टर म्हणाले, "ते मलाही कळणार नाही." आजींना ते अजिबात पटलं नाही. डॉक्टरला कळत नाही म्हणजे काय? मग डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं: चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी होते, कोणाला काय मिळालं ते आपल्या दोघांपासूनही लपवून ठेवतात, म्हणजे आपल्या मनातल्या आशेचा परिणाम आकड्यांवर होत नाही. आजी कागद घरी घेऊन गेल्या. कोणी घाई केली नाही. डबल ब्लाइंडची व्याख्या मी कॉलेजात पाठ केली होती. ती अशी सांगावी लागते हे तिथे बघितलं.

गुप्ततेबद्दल एक इशारा. आपल्याकडे केसपेपर नातेवाईक वाचतात, शेजारच्या कॉटवरचे वाचतात, गावाकडून भेटायला आलेले पाव्हणेही वाचतात. इथे तू पहिल्या दिवशी एका कागदावर सही करशील आणि त्यानंतर पेशंटचं नाव बाहेर सांगणं हा फौजदारी गुन्हा असतो, दंडसंहितेचं कलम २०३. शिवाय २०१८पासून युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच. त्यामुळे वॉर्डमधला सेल्फी, स्टेटसला फ्रीजरसमोरचा फोटो ज्यात मागे लेबलं दिसतायत, असलं काही करायचं नाही. आईला पाठवायलासुद्धा नाही.

आता ज्यावर कोणी बोलत नाही आणि ऐनवेळी सगळे अडकतात ते: लसी. १ मार्च २०२०पासून जर्मनीत आरोग्यसंस्थेत काम करणाऱ्याला गोवराच्या संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे दोन डोस किंवा अँटिबॉडीचा रिपोर्ट. यातून सूट आहे ती १९७१च्या आधी जन्मलेल्यांना. तुझ्या वयाच्या मुलांची पंचाईत अशी की आपल्या सरकारी लसीकरणात गोवराचा दुसरा डोस २०१०पासून सुरू झाला, त्यामुळे तुझ्या बाळपणीच्या कार्डावर बहुधा एकच असेल. नोव्हेंबर २०१८मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी. तेव्हा तू शाळेत असशील. लस घेतली असशील तर ते कार्ड शोध. नसेल तर आत्ताच घे, आणि डॉक्टरकडून तारीख, लसीचं नाव, सही-शिक्का असं सगळं इंग्रजीत घे. हिपॅटायटिस बीचं तर आजच बघ. पेशंट किंवा रक्ताशी संबंध येणार असेल तर संस्थेचा डॉक्टर ते विचारतोच, आणि तीन डोसांचा कोर्स पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. निघायच्या आठवड्यात धावपळ करून तो होत नाही. सगळ्या मूळ कागदांचे स्कॅनही करून ठेव. २०१९च्या पुरात आमच्या नात्यातल्या दोन घरांतल्या मार्कलिस्टांचा लगदा झाला, म्हणून सांगते.

पैशांचं थोडक्यात. व्हिसासाठी ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. आपल्याकडचे बारा-तेरा लाख धरून चाल. शिवाय नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, सक्तीचं आहे, ते सगळ्यात आधी काढायला टाक. बहुतेक राज्यांत सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. हायडेलबर्ग त्याच राज्यात आहे हे लक्षात ठेवूनच त्याच्या प्रेमात पड.

इंटर्नशिपच्या पैशांचा नियम असा: ती अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली असेल तर किमान वेतन लागू होत नाही, फुकट राबवलं तरी कायदेशीर. स्वतःहून केलेली आणि तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर किमान वेतन द्यावंच लागतं, जानेवारी २०२६पासून तासाला १३.९० युरो. म्हणूनच बऱ्याच जाहिरातींत 'फक्त सक्तीची इंटर्नशिप असेल तर' किंवा 'कमाल तीन महिने' असं लिहिलेलं दिसतं. त्यात तुझ्यावर राग नाही, हिशोब आहे. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं; सक्तीची इंटर्नशिप आणि युनिव्हर्सिटीतलं हिवीचं काम त्यात धरत नाहीत, ऐच्छिक इंटर्नशिप धरतात. इंटर्नशिपच्या पैशांवर कर्जाचे हप्ते फिटतील असं गणित घरी मांडलं असेल तर ते आजच पुसून टाक. खोलीभाडं आणि विम्यातच बरंचसं जातं.

आता इथे येईपर्यंत सांगलीत काय करायचं. बी.फार्मला सातव्या सेमिस्टरच्या आधी १५० तासांचं ट्रेनिंग असतं. तू ते हॉस्पिटल फार्मसीत केलंस असं लिहिलंयस, पण सीव्हीत त्याची एक ओळ आहे, 'हॉस्पिटल ट्रेनिंग, चार आठवडे'. त्यातून मला काय कळणार? काउंटरवर बसलीस की वॉर्डचे इंडेंट, म्हणजे औषधांच्या मागणीच्या चिठ्ठ्या, बघितलेस? थंड साखळीतली औषधं हाताळलीस का, फ्रीजचं तापमान नोंदवलंस का, एक्सपायरीचा माल कसा वेगळा काढायचे? हे लिही. याला इथे किंमत आहे, कारण ट्रायलच्या औषधांचं कपाट सांभाळणं म्हणजे हेच काम, फक्त कागद दसपट.

दुसरं, मेडिकल कॉलेजातल्या फार्मॅकॉलॉजी विभागात जाऊन औषधांच्या दुष्परिणामांची नोंद कशी करतात ते बघ. फार्माकोव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०पासून चालू आहे आणि त्याचा फॉर्म कोणालाही बघता येतो. एखाद्या मॅडमच्या हाताखाली तो भरायला शिकलीस तर मुलाखतीत बोलायला खरं काहीतरी असेल. मिरज आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कराडला कृष्णा आहे. एसटीने जाण्यासारखं अंतर. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे विचार. आणि सीटीआरआय ही आपली ट्रायल नोंदणीची वेबसाइट उघड. जून २००९पासून ट्रायलची नोंदणी तिथे सक्तीची आहे, बघायला पैसे नाहीत. शहराच्या नावाने शोध आणि एक ट्रायल पूर्ण वाच: कोणाला घेतलं, कोणाला वगळलं, मोजणार काय. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा, म्हणजे ट्रायल कशी चालवायची त्या नियमांचा, ऑनलाइन कोर्सही कर, पण वाचून कर, नुसतं 'नेक्स्ट' दाबत नको.

प्रोफेसरला मेल करताना 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड ग्रुप' हे एकदम बंद. अशा मेल ढिगाने येतात आणि न उघडता जातात. पाच-सहा ओळी पुरेत: तू कोण, कुठल्या महिन्यापासून किती आठवडे येऊ शकतेस, इंटर्नशिप सक्तीची की ऐच्छिक, त्यांच्या कामातली कुठली एक गोष्ट वाचलीस आणि तुला हाताने काय करता येतं. जर्मनची पातळी खरी लिही. ए-टू असताना बी-वन लिहिणारे फोनवर दुसऱ्याच वाक्याला अडखळतात. तीन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, मग सोडून दे. ऑगस्टमध्ये निम्मा विभाग सुट्टीवर असतो, त्या महिन्यात पाठवूच नकोस.

सीव्ही दोन पानांत बसवून पीडीएफ पाठव, त्या १५० तासांचं नीट लिहून. शनिवार-रविवारी बघते आणि लाल शाईने परत पाठवते. आणि वॉर्ड, लॅब की ट्रायल ते त्याच मेलमध्ये कळव, म्हणजे त्या हिशोबाने कोर्सची नावं सुचवता येतील.